शहरदर्शनाची एक दिवसाची सहल

प्राथमिक शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात सहलीला स्थान असते खरे. पण सहल म्हणजे पहाटे मुलांना गाडीत बसवावे, दिवसभरात सात-आठ स्थळे दाखवावी आणि रात्री उशिरा पेंगुळलेली मुले पालकांच्या स्वाधीन करावी, अशीच कल्पना बहुतेक ठिकाणी रूढ झाली आहे. दुसऱ्या दिवशी ‘आमची सहल’ हा निबंध लिहून घेतला जातो. त्या वह्या एकापुढे एक ठेवून वाचून पाहाव्या. सर्वांत मजकूर एकच आढळतो: अमुक पाहिले, तमुक पाहिले, खूप मजा आली. मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी काय टिपले, हे त्यात शोधून सापडत नाही. दोष मुलांचा नाही. सात स्थळे पाहणाऱ्याच्या वाट्याला एकही स्थळ धड येत नाही.

खेड्यातील मुलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. ते शहरात पाहुण्यासारखे जाते. उंच इमारती, वाहनांची रांग, काचेची दुकाने पाहून ते बुजते आणि आपले गाव या साऱ्यापुढे काहीच नाही, अशी समजूत मनात घेऊन परतते. ही समजूत एकदा बसली की पुसून काढणे कठीण जाते. म्हणून स्थळे निवडताना शिक्षकाने एकच कसोटी लावावी: या ठिकाणी मुलाच्या गावाचा काही धागा सापडतो काय? जेथे तो सापडेल, तेथे मूल पाहुणे राहत नाही. तपासनिसासारखे प्रश्न विचारू लागते. सहलीतील आनंदही खऱ्या अर्थाने तेथेच सुरू होतो.

उदाहरणादाखल पानशेत-वरसगावच्या खोऱ्यातील एक दोनशिक्षकी शाळा घेऊ. तिसरी ते पाचवीची अठ्ठावीस मुले, दोन शिक्षक, सोबत येण्यास तयार असलेल्या दोन माता, महिना जानेवारी, शहर पुणे. इतर तालुक्यांतील शाळांना स्थळे बदलावी लागतील, परंतु आखणीची रीत तीच राहील.

या शाळेच्या दृष्टीने पहिला धागा पाण्याचा. पुणे शहर जे पाणी पिते, ते खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून येते. पानशेत आणि वरसगाव या धरणांखाली याच खोऱ्यातील अनेक गावांच्या जमिनी गेल्या. मुलांच्या आजोबांना ते आठवते. मुलांना ते ऐकून ठाऊक असते. सहलीपूर्वीच्या आठवड्यात प्रत्येक मुलाने घरातील वडीलधाऱ्या माणसाला एवढेच विचारून यावे की, धरणाच्या आधी आपले शेत कोठे होते. उत्तरे वर्गात सांगितली जावी. शिक्षकाने त्यावर भाषण करू नये. शहराविषयी मुलांच्या मनात राग पेरणे जसे अनुचित, तसेच घडलेले झाकून ठेवणेही अनुचित होय. पाणी कोठून निघते आणि कोठे पोचते, हे मुलांनी पायांनी चालून पाहावे, एवढाच हेतू ठेवावा.

आता प्रत्यक्ष मार्गाकडे वळू. सिंहगड रस्त्याने येणारी गाडी मुलांना स्वारगेटला आणून सोडते. स्वारगेटपासून जिल्हा न्यायालय स्थानकापर्यंतची भुयारी मेट्रो २९ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाली आहे. स्वारगेटनंतर मंडई, मग कसबा पेठ आणि त्यापुढे जिल्हा न्यायालय, असा स्थानकांचा क्रम आहे. मुलांना उतरायचे कसबा पेठेला असले तरी एक स्थानक पुढे जाऊन परत मागे यावे, कारण कसबा पेठ आणि जिल्हा न्यायालय यांच्यामधील बोगदा मुठा नदीच्या पात्राखालून जातो. आंबी आणि मोसी या खोऱ्यातील नद्यांचे पाणी ज्या मुठेला मिळते, तीच ही मुठा. आपल्या नदीच्या खालून आपण चाललो आहोत, हे ऐकल्यावर अठ्ठावीस तोंडे एकदम वर होतात, आणि वर पाहून काहीच दिसत नाही, यावरून डब्यात जो वाद माजतो तो शिक्षकाने थांबवू नये. जिल्हा न्यायालय स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल आहे. गावातील विहीर किती परस खोल, हे मुलांनी आधी विचारून आलेले असेल, तर किती विहिरी एकीखाली एक ठेवाव्या लागतील, याचा हिशेब तेथेच उभ्या उभ्या होतो.

येथे सरकत्या जिन्याविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. ज्या मुलाने तो कधी पाहिला नाही, ते पहिल्या पायरीशी थबकते, मागचे त्याच्यावर आदळते आणि अपघात होतो. सहलीच्या आधी शाळेच्या ओसरीवर खडूने रेघा आखून, रेघेवर पाय न ठेवता दोन रेघांच्या मधोमध पाऊल टाकण्याचा खेळ चार दिवस खेळावा. प्रत्यक्ष जिन्यावर एक मोठे माणूस खाली आणि एक वर उभे राहावे. मुलांना एकेक करून सोडावे. परकराचा घोळ आणि सैल चपला यांकडे लक्ष ठेवावे. जे मूल घाबरेल, त्याला हसू नये आणि हसू देऊ नये. त्याला साध्या जिन्याने किंवा उद्वाहनाने न्यावे. परतीच्या वेळी बहुधा तेच मूल सर्वांच्या पुढे असते.

कसबा पेठ स्थानकाबाहेर पडल्यावर शनिवारवाडा थोड्याच अंतरावर आहे. त्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी झाली आणि १७३२ मध्ये वाडा राहण्याजोगा झाला. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत आतील इमारती जळून गेल्या. त्यामुळे आत गेल्यावर मुलांना राजवाडा दिसत नाही. दिसतात ती जोती, पायऱ्या आणि हिरवळ. ही गोष्ट आधी सांगितली नसेल तर त्यांचा विरस होतो. सांगितली असेल तर जोत्यावरून दालन ओळखण्याचा खेळ करता येतो. एका गटाने जोत्याची लांबी-रुंदी पावलांनी मोजावी, दुसऱ्याने दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवरील अणकुचीदार खिळे मोजावे. खिळे एवढ्या उंचीवर का, याचे उत्तर कोणी ‘हत्ती’ असे देईपर्यंत शिक्षकाने धीर धरावा. तटाची बांधणी खाली दगडाची आणि वर विटांची आहे, हे मुलांच्या सहज ध्यानात येते. घर बांधताना पाहिलेल्या मुलांना अशा गोष्टी शहरातील मुलांपेक्षा लवकर दिसतात.

मात्र मुख्य लक्ष द्यावे ते कारंज्याकडे. येथील हजारी कारंजे उडत असे, ते पाणी कोठून येई? नानासाहेब पेशव्यांच्या काळात अठराव्या शतकाच्या मध्याला कात्रजच्या तलावातून बांधीव नळाने पाणी शहरात आणले गेले होते. पुढे ते अपुरे पडले आणि १८७९ मध्ये खडकवासल्याचे धरण पुरे झाले. तेही पुरेना, तेव्हा नजर आणखी पश्चिमेकडे, मुलांच्या स्वतःच्या खोऱ्याकडे गेली. पानशेतचे धरण बांधून पुरे होत असतानाच १२ जुलै १९६१ रोजी फुटले. पाठोपाठ खडकवासल्याचे धरणही फुटले आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले. हे सर्व जोत्यावर बसून, शेंगदाण्याचे लाडू खाता खाता सांगावे. त्यानंतर मुलांना जवळच्या शिवाजी पुलापाशी नेऊन नदी दाखवावी. पुलावर वर्दळ फार असते, म्हणून पदपथ सोडू नये आणि मुलांना कठड्यावर चढू देऊ नये. गावाकडची नितळ नदी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना येथे पुढचे काही सांगावे लागत नाही.

शनिवारवाड्याविषयी मुले भुताची गोष्ट ऐकून आलेली असतात, आणि कोणीतरी ती काढतेच. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी या वाड्यात झाला, हा इतिहास आहे. रात्री येणारा आवाज ही लोकांची कथा आहे. हा भेद एका वाक्यात सांगून पुढे चालावे. तिसरीच्या मुलांपुढे त्या खुनाचे रसभरित वर्णन करणारे शिक्षकही क्वचित आढळतात. परतीच्या वाटेवर त्यांनाच त्याचा त्रास होतो.

येथून शिवाजी रस्त्याने दक्षिणेकडे सरळ चालावे. लालमहाल बाहेरून दाखवला तरी चालेल. आज दिसणारी वास्तू महानगरपालिकेने १९८० च्या दशकात उभारलेली आहे, शिवकालीन नव्हे, हे मुलांना स्पष्ट सांगावे. एप्रिल १६६३ मधील शायिस्तेखानावरील छाप्याची गोष्ट त्यामुळे उणी होत नाही. पुढे दगडूशेठ गणपतीच्या मंदिरासमोर भिडेवाड्याची जागा लागते. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा येथे सुरू केली. जुना वाडा मोडकळीस आलेला होता. तो डिसेंबर २०२३ मध्ये उतरविण्यात आला आणि त्या जागी स्मारकाची पायाभरणी २०२४ मध्ये झाली. त्या वेळी तेथे काय दिसेल, हे शिक्षकाने आधीच्या फेरीत पाहून ठेवावे. रस्ता गर्दीचा असल्याने येथे फार थांबता येत नाही. वर्गातील मुलींची संख्या मुलांकडूनच मोजून घ्यावी आणि पुढे चालावे.

दुसरा धागा मंडईत सापडतो. आज महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाणारी ही इमारत १८८६ मध्ये रे मार्केट म्हणून उघडली. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीरावांनी मंडईवर मोठी रक्कम खर्च करण्यास विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला फुल्यांचे नाव मिळाले. पाचवीच्या मुलांना या विसंगतीची मौज कळते.

मंडईत मुलांनी नुसते फिरू नये, खरेदी करावी. चार गट पाडून प्रत्येक गटाच्या हाती पन्नास रुपये द्यावे आणि दुसऱ्या दिवशीच्या शाळेच्या पोषण आहारासाठी भाजी घेण्यास सांगावे. घासाघीस मुलांनीच करावी. जानेवारीत खोऱ्यात भात निघालेले असते आणि वावरात वाल, पावटा, हरभरा उभा असतो. तोच पावटा मंडईत ढिगाने मांडलेला पाहून मुले कशी ओरडतात, हे पाहण्याजोगे असते. प्रत्येक गटाने विक्रेत्या बाईंना नम्रपणे दोन प्रश्न विचारावे: मावशी, हा माल कोठून येतो? आपण किती वाजता उठता? गुलटेकडीच्या घाऊक बाजारात भाव दहा किलोंना सांगितला जातो आणि येथे पाव किलोला. गावातील शेतकऱ्याला दहा किलोंमागे काय मिळाले, हा आकडा मुलांनी घरून लिहून आणलेला असावा. या दोन भावांतील फरक मुले चटकन काढतात आणि त्याहून चटकन विक्रेत्या बाई लबाड आहेत, असा निकाल देतात. शिक्षकाने येथे सावध असावे. वाहतूक, हमाली, अडत, गाळ्याचे भाडे, संध्याकाळपर्यंत सडून टाकावा लागणारा माल, हे सर्व फळ्यावर मांडल्याशिवाय निकाल देता येत नाही, एवढे सांगून तो हिशेब दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवावा. पुरंदर किंवा शिरूरकडच्या शाळांना, जेथे भाजीपाला व फळे हेच मुख्य पीक आहे, एवढा एक पाठही दिवसभराच्या सहलीस पुरेल.

मंडईपासून बाजीराव रस्त्याला लागले की राजा दिनकर केळकर संग्रहालय चालण्याच्या अंतरावर आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी सुमारे १९२० पासून जुन्या नित्योपयोगी वस्तू जमविल्या. अल्पवयात वारलेल्या राजा या मुलाचे नाव संग्रहालयाला दिले आणि १९७५ मध्ये संपूर्ण संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. वस्तूंची संख्या वीस हजारांहून अधिक आहे. हे सर्व पाहण्याचा प्रयत्न म्हणजे पुन्हा सात स्थळांचाच प्रकार होय. मुलांना दोनच कामे द्यावी: आपल्या घरात अजून वापरात असलेली एक वस्तू शोधावी आणि तिचे चित्र काढावे. दिवे, अडकित्ते, वजऱ्या, कुलपे, पानाचे डबे यांत ज्याला ‘आमच्या आजीकडे हे आहे’ असे म्हणता येईल, ते मूल काचेपुढून हलत नाही. दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या वस्तू एका माणसाने आयुष्यभर वेचल्या, हे त्याला त्या क्षणी समजते.

दुपारच्या दीड-दोनच्या सुमारास सारसबागेत शिदोरी सोडावी. दशम्या, चटणी, गूळ हे प्रवासात टिकते. नासणारे पदार्थ आणू नयेत. यानंतर दीड तास काहीही शिकवू नये. हिरवळीवर लोळणे, लपंडाव, तळ्यातल्या गणपतीचे दर्शन ज्याला घ्यायचे त्याने घ्यावे. कार्यक्रमात हा मोकळा वेळ लिहून ठेवावा, नाही तर तो हमखास कापला जातो. चार वाजता स्वारगेटहून गाडी निघाली की मुले दिवेलागणीच्या सुमारास घरी पोचतात.

सुरक्षिततेचे नियम थोडेच असावे, पण मोडू नयेत. पूर्वपरवानगी आणि पालकांची लेखी संमती यांशिवाय निघू नये. राज्य परिवहनच्या आगाराकडे सवलतीसाठी आगाऊ अर्ज करावा. शिक्षकांपैकी एकाने आठवडाभर आधी संपूर्ण मार्ग स्वतः चालून यावा. स्थळांच्या वेळा व शुल्क, पिण्याचे पाणी, आणि विशेषतः मुलींसाठी स्वच्छ शौचालय कोठे आहे, हे त्या फेरीत नोंदवावे. शनिवारवाड्यात पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क नाही. प्रत्येक मुलाच्या खिशात शाळेचे नाव आणि शिक्षकाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. प्रत्येकाला एक क्रमांक आणि एक जोडीदार द्यावा. रस्ता ओलांडल्यावर, गाडीत चढल्यावर, उतरल्यावर मुलांनी आपले क्रमांक ओळीने म्हणावे. अठ्ठावीस क्रमांकांना अर्धा मिनिट लागतो. डोकी मोजण्यात चूक होते, कारण मुले हलत असतात. चुकामूक झाल्यास जेथे आहे तेथेच उभे राहावे, शोधत फिरू नये, ही एकच सूचना मुलांच्या अंगी मुरवावी. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या बाकावर बसवून आवळासुपारी जवळ द्यावी.

शेवटचा प्रश्न पैशांचा, आणि तोच सर्वांत अवघड आहे. वर्गणी जाहीर होते, दहा मुले दुसऱ्या दिवशी पैसे आणतात, आणि दोन-तीन मुले ‘मला यायचेच नाही’ असे सांगतात. शिक्षकाने या वाक्यावर कधीही विश्वास ठेवू नये. गाडीत ज्याला उलटी होते ते मूलसुद्धा सहलीला येऊ इच्छिते. न येण्याची इच्छा बहुधा घरातील पैशांची असते, आणि मूल आईवडिलांची लाज राखीत असते. म्हणून वर्गणी वर्गात मागू नये, नावांची यादी फळ्यावर लिहू नये. एकूण खर्चाचा अंदाज शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडावा. ज्याला जे जमेल ते त्याने समितीकडे द्यावे, कोणी पैसे द्यावे, कोणी तांदूळ. कमी पडल्यास कार्यक्रमातील एखादी बाब सर्वांसाठी गाळावी, परंतु मूल गाळू नये. मेट्रो गाळली तरी शनिवारवाडा चालत गाठता येतो. खाऊसाठी घरून पैसे आणण्यास मनाई असावी, आणि ती शिक्षकांच्या स्वतःच्या मुलांनाही लागू असावी. ज्या मुलाला चालण्यास अडचण आहे, त्याच्यासाठी मंडई ते संग्रहालय आणि संग्रहालय ते सारसबाग एवढ्या दोन टप्प्यांपुरती रिक्षा आधीच हिशेबात धरावी. सोबत दर वेळी वेगळा मित्र बसवला म्हणजे रिक्षा हीच चढाओढीची वस्तू होते.

दुसऱ्या दिवशी निबंध लिहून घेऊ नये. पहिल्या तासाला जमिनीवर खडूने मार्ग काढावा: एका टोकाला गावाची नदी, दुसऱ्या टोकाला शिवाजी पूल. ज्याला जेथले काही आठवते त्याने तेथे जाऊन उभे राहावे आणि सांगावे. दुसऱ्या तासाला पावट्याचा हिशेब फळ्यावर घ्यावा: शेतातला भाव, गुलटेकडीचा भाव, मंडईतला भाव, आणि मधल्या प्रत्येक पायरीवर कोणाचे किती श्रम. आकडे चुकतील, वाद होतील, तास संपेल. तोवर स्वयंपाकघरात मुलांनी शहरातून विकत आणलेली कोथिंबीर निवडली जात असते, आणि ती आपल्या परसातल्या कोथिंबिरीपेक्षा वासाला कमी आहे, असा अभिप्राय तिसरीतील कोणीतरी जेवणापूर्वीच देऊन मोकळे होते.